चाळीसचं इंजिन, तापल्यावर मिसिंग: हिडकलच्या बोटीच्या नोंदी

१ फेब्रुवारी, रविवार

इंजिन टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून टांगायचं), दोन सिलिंडर एकावर एक, चाळीस हॉर्सपॉवर, सीडीआय इग्निशन (म्हणजे ठिणगी इलेक्ट्रॉनिक डब्यातून), प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर, दोरी ओढून स्टार्ट. बोट अठरा फुटी फायबरची. पाणी हिडकलचं, म्हणजे घटप्रभेवरच्या धरणाचा फुगवटा. मालक आमचे धाकटे मामा. जाळी टाकायला आणि पलीकडच्या काठाला जायला वापरतात. इंजिन नवं नाही. मालवणकडच्या एका मच्छीमाराकडून घेतलं आणि आंबोली घाटातून टेम्पोत घालून वर आणलं.

तक्रार अशी. थंड असताना दुसऱ्या ओढीला सुरू होतं. आयडलिंग स्वच्छ, रेस दिली की बोटीचं नाक उचलतं. वीसेक मिनिटं गेली की आधी बारीक थरथर, मग फटफट, मग निम्मी ताकद आणि मागे निळसर धूर. बंद करून अर्धा तास ठेवलं की पुन्हा ठणठणीत. मामांचा जोडीदार कन्नडच बोलतो, त्याचं म्हणणं एका ओळीचं: "बिसी आतंद्र निंदरतैति." म्हणजे गरम झालं की थांबतं. आतापर्यंतच्या सगळ्या निदानांत मला हेच नेमकं वाटलं, कारण तो जे दिसतं तेवढंच सांगतो आणि पुढचं काही ठोकून देत नाही.

याआधी दोन मेकॅनिकांनी इंजिन पाहिलंय. प्लग बदलले, कार्बोरेटर धुतले, दुकानासमोर पिंपात पाच मिनिटं चालवलं आणि "काय नाही हो, चांगलं चाललंय की" म्हणून परत दिलं. चालणारच. ताप उतरल्यावर डॉक्टरकडे नेलेल्या पोरासारखं ते इंजिन दुकानात दर वेळी शहाण्यासारखं वागतं. म्हणून या नोंदींपुरता नियम ठरवला: इंजिन बिघडलेलं असताना जे मोजलं तो पुरावा, बाकी सगळा अंदाज.

दुसरी गोष्ट. सगळेजण "तापल्यावर" म्हणतात, पण वीस मिनिटांत फक्त उष्णता वाढत नाही, वेळही जातो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलेलं असेल तर पेट्रोल उपसलं जाईल तसा आत निर्वात वाढतो आणि पंपाला ओढ बसते. त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही, पण बिघाड येतो तो वीस मिनिटांनीच. फिल्टरमध्ये हळूहळू गोळा होणारा गाळ, टाकीच्या तळाचं पाणी, हेही तसंच. खरोखर उष्णतेचे संशयित वेगळे: प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल, फ्लायव्हीलखालची चार्जिंग कॉइल आणि ठिणगीची वेळ सांगणारा पल्सर, सीडीआयचा डबा, थंड होण्याच्या पाण्याचा मार्ग, आणि जास्त पेट्रोल सोडणारा कार्बोरेटर. शेवटचा लोकांच्या लक्षात येत नाही. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतंच, म्हणून ओव्हर येणारा कार्बोरेटर सकाळी उलट छान चालतो आणि इंजिन तापलं की प्लग ओले करतो.

३ फेब्रुवारी

बेळगावात उद्यमबागेत आमचं छोटं जॉब-वर्कचं शेड आहे, दोन लेथ आणि एक मिलिंग. तिथून रविवारसाठी सामान गोळा केलं: टायमिंग लाइट (प्लगच्या वायरीला लावली की प्रत्येक ठिणगीला लुकलुकते) आणि तिच्यासाठी स्कूटरची बारा व्होल्टची बॅटरी, गन थर्मामीटर, कॉम्प्रेशन गेज, अर्थिंगचा चिमटा असलेला स्पार्क टेस्टर, मल्टिमीटर, जादा प्लग, पाच लिटरचा वेगळा कॅन आणि त्याला नवी नळी.

स्पार्क टेस्टरबद्दल एक सांगून ठेवतो. जुन्या पॉइंटच्या इंजिनाची सवय असलेले लोक चालू इंजिनाची प्लग कॅप उपटून कुठला सिलिंडर मेला ते बघतात. सीडीआयवर हे करू नये. ठिणगीला वाट मिळाली नाही की विजेचा दाब सीडीआयच्या डब्यात आणि कॉइलमध्ये परत बसतो, शिवाय झटका सणसणीत लागतो. टेस्टर लावून, अर्थ करूनच वायर काढायची.

८ फेब्रुवारी, रविवार

काकती, वंटमुरीचा घाट, मग हायवे सोडून आत. मामा आधीच काठावर. पाणी बरंच मागे सरकलंय. आणखी उतरलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ दिसायला लागेल.

थंड असताना कॉम्प्रेशन घेतलं: वरचा ११२ पीएसआय, खालचा ११५. एवढा फरक चालतो. पिस्टन-रिंग सुरक्षित आहेत हे कळल्यावर पुढचं सगळं करण्यात अर्थ आहे. नाहीतर मामांना दुसरं इंजिन बघा म्हणायची वेळ होती.

मग लाइफ जॅकेट, किल स्विचची (ओढली गेली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला, वल्ही बोटीत, आणि अर्ध्याच्या वर रेस ठेवून सरळ चालवत राहिलो. बिघाड वेळेवर हजर झाला. तो असतानाच एकेक गोष्ट करत गेलो.

टाकीचं झाकण सैल केलं. फरक शून्य. कॅन जोडला, म्हणजे टाकी, नळी, फिल्टर सगळंच बदललं. फरक शून्य. म्हणजे वेळेचे संशयित बहुतेक सुटले.

नळीतला रबरी बल्ब दाबला. पेट्रोल कमी पडत असेल तर बल्ब दाबल्यावर इंजिन सावरतं. इथे उलट झालं, फटफट वाढली. चोक ओढला तर जागेवर बंद पडायला आलं. याला पेट्रोल कमी नाही, जास्त होतंय.

खात्रीसाठी चालू असतानाच पेट्रोलच्या नळीचा कनेक्टर काढला. कार्बोरेटरच्या वाटीत असतं तेवढ्यावर इंजिन थोडा वेळ चालतं. वाटीतली पातळी खाली जाताना मिश्रण पातळ होत जातं, आणि मरायच्या आधी जर आवाज स्वच्छ झाला तर मिश्रण जाड होतं असं धरायचं. झाला, पण निम्माच. थरथर कमी झाली, ताकद परत आली नाही. ही निम्मी सुधारणा लिहून ठेवतोय, कारण एकाच कारणात ती बसत नाही.

प्लग काढले. खालचा चहाच्या रंगाचा, जसा असावा तसा. वरचा काळा आणि ओला. ओला प्लग बघून लगेच कार्बोरेटरवर आरोप ठेवायचा मोह होतो. पण पेट्रोल जास्त आलं तरी प्लग ओला आणि ठिणगी पडली नाही तरी प्लग ओलाच.

टायमिंग लाइट दोन्ही वायरींना आळीपाळीने लावली. उन्हात काही दिसेना, तेव्हा मामांनी त्यांचा पंचा इंजिनावर धरला आणि मी त्यात डोकं घातलं. आयडलिंगला दोन्ही लाइट नियमित. रेस वाढवली की वरच्या वायरीची लाइट अडखळते.

गन थर्मामीटरने हेड कव्हर मोजलं. हे उपकरण चकचकीत ॲल्युमिनियमवर खोटं बोलतं, खरं असतं त्यापेक्षा बरंच कमी दाखवतं, म्हणून निघताना दोन्ही प्लगांशेजारी काळी इन्सुलेशन टेप चिकटवून घेतली होती. वर ९१, खाली ७४ अंश. पाण्याची धार मात्र बाजूच्या भोकातून जोरात. मामा म्हणाले, "धार बघ की कशी हाय, पाणी तर चांगलं फिरायलंय." धारेवरून एवढंच कळतं की खालचा पंप पाणी वर ढकलतो. या इंजिनात ती धार हेडपर्यंत न जाताच बाहेर पडते.

आणखी एक सापडलं. जास्त तापल्यावर वाजणाऱ्या बझरची वायर कोणीतरी कापून टेप लावून ठेवली आहे. वाजत असणार, म्हणूनच कापली असणार.

१० फेब्रुवारी

दोन्ही कार्बोरेटर शेडमध्ये उघडले. आतून साफ, आधीच्या मेकॅनिकाने धुतले होते हे खरं. पण वरच्या कार्बोरेटरच्या फ्लोटची नीडल, म्हणजे वाटी भरली की पेट्रोल अडवणारी सुई, कोणी भिंगातून पाहिली नव्हती. टोकावर गोल चर पडलाय आणि रबर फुगलंय. फुंकून पाहिलं तर बंद स्थितीतही हवा जाते. बल्ब दाबल्यावर इंजिन का बिघडत होतं ते इथे कळलं: दाब वाढला की नीडल अडवत नाही, वाटी भरून वाहते.

रबर फुगण्याचं कारण खात्रीने सांगता येणार नाही, पण आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, आणि हे इंजिन त्या काळाच्या आधीचं. चिकोडी, रायबाग, अथणीचा ऊस कारखान्यात जातो, तिथून इथेनॉल होऊन टाकीत येतो आणि आमच्याच नळ्या मऊ करतो. ऊसवाल्या मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग काय, आमच्याच घरचं की." इथेनॉलचा दुसरा त्रास पाण्याचा. ते हवेतला ओलावा धरतं आणि प्रमाणाबाहेर पाणी झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन पाण्यासकट तळाला बसतं. बोटीच्या टाकीत महिनोन्‌महिने पेट्रोल ठेवायचे दिवस गेले. टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून पाहिलं, सकाळी थर दिसला नाही. पाण्यावरचा संशय मिटला.

दोन्ही नीडल आणि सीट नवे, इंजिनातल्या पेट्रोल पंपाचा पडदाही नवा, फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे.

१३ फेब्रुवारी

शेडमागे दोनशे लिटरच्या पिंपात इंजिन टांगून चालवलं, प्रोपेलर काढून. सुरुवातीला सुरेख. मग पुन्हा फटफट, आणि या वेळी दोन्ही सिलिंडर. पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की पिंपातलं पाणी हात घालवेना इतकं तापलंय आणि एग्झॉस्टचा धूर पिंपातून वर येऊन इंजिनाच्या झाकणाखाली कोंडतोय. इंजिन स्वतःचाच धूर ओढत होतं. मोठा पंखा लावला, पाणी बदललं, फटफट गेली.

पिंपात लोडही येत नाही. रेस पूर्ण उघडली आणि प्रोपेलर पाणी कापत असला की सिलिंडरमध्ये दाब जास्त असतो, आणि दाब जास्त असला की तेवढंच अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. कमकुवत कॉइल आयडलिंगला निभावून नेते आणि लोडवर आतल्या आत फुटते. पिंपातली नोंद पुराव्यात धरत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा हिडकल. नव्या नीडलमुळे स्लोला इंजिन फारच सुधारलंय, धूर कमी, बल्ब दाबला तरी फरक पडत नाही. मामा खूश. पण बिघाड आला, त्याच सुमारास, फक्त आता स्वच्छ रूपात: स्लोला ठीक, रेस दिली की वरचा सिलिंडर गायब. मागच्या रविवारी कनेक्टर काढल्यावर निम्मीच सुधारणा का झाली, तेही मिटलं. बिघाड दोन होते, एक गेला.

आता विजेकडे. वरच्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही याची कारणं पल्सर, सीडीआयचा डबा, कॉइल, प्लग कॅप यांपैकी काहीही असू शकतं, आणि यातला डबा सगळ्यात महाग. तोच आधी बदला असा सल्ला मिळाला होता. पण इंजिनाला दोन सिलिंडर आहेत ही किती मोठी सोय आहे: प्रत्येक भागाची एक निरोगी जोड शेजारीच बसलेली असते. बोट काठाच्या एका वठलेल्या झाडाला बांधली आणि तापलेल्या अवस्थेतच वरची-खालची कॉइल अदलाबदल केली, प्लग कॅपसकट. दोन-दोन बोल्ट, डब्याच्या झाकणात ठेवून. बोटं भाजली. मामांचा जोडीदार झाकणावर पंजा ठेवून बसला होता, बोल्ट पाण्यात जाऊ नयेत म्हणून.

सुरू केलं. खालचा सिलिंडर गायब, वरचा जिवंत.

बिघाड कॉइलबरोबर गेला. पल्सर आणि सीडीआय निर्दोष. त्या डब्याचे पैसे वाचले.

१७ फेब्रुवारी

कॉइल नुसती मल्टिमीटरवर तपासून का भागत नाही, ते आज आकड्यांत. कॅप काढून सेकंडरीचा, म्हणजे ठिणगीच्या बाजूच्या वेटोळ्याचा, रेझिस्टन्स घेतला. शेडच्या तापमानाला, २८ अंशांना, दोन्ही कॉइल ३.६ किलोओहमच्या जवळपास. अगदी जुळ्या बहिणी. आधीच्या मेकॅनिकाने मीटर लावला असेल तर त्यालाही हेच दिसलं असणार.

मग दोन्ही कॉइल वेल्डिंग रॉड सुकवायच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. त्याला थर्मोस्टॅट असतो, ८० वर लावला, तासभर ठेवल्या, वायरी दारातून बाहेर काढल्या आणि मीटर जोडून बसलो. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ५० अंश वाढले की वीसेक टक्के वाढ अपेक्षित. चांगली कॉइल शिस्तीत ४.३ वर जाऊन थांबली. दुसरी ४.१ पर्यंत गेली, मग आकडा नाचायला लागला आणि मग मीटरवर ओपन, म्हणजे आत जोड तुटला. दार उघडून गार होऊ दिली, थोड्या वेळाने पुन्हा आकडा हजर.

आत कुठेतरी तार तुटलेली आहे आणि गार असताना टोकं एकमेकांना टेकतात. तापून प्रसरण झालं की सुटतात. तुटलेल्या जागेतून ठिणगी उडी मारून काही काळ निभावून नेते, म्हणून आयडलिंगला लाइट नियमित दिसत होती.

मालवणच्या बाजूच्या एका दुकानातून नवी कॉइल मागवली. बसच्या पार्सलने येईल.

२२ फेब्रुवारी, रविवार

नवी कॉइल, नवी कॅप. बोट हुन्नूरच्या बाजूला लांबपर्यंत नेली, परत आणली, मिसिंग नाही. मामांनी काठावर येऊन इंजिनाला हात जोडले.

पण टेपवरचे आकडे: वर ९०, खाली ७३. तसेच. मी म्हणालो, "मामा, इंजिन परत काढून न्यायला पायजे." त्यांचं तोंड उतरलं. "आता चाललंय न्हवं? मग कशाला उकराउकरी करायलायस?"

त्यांना सांगितलं ते असं: दोन्ही कॉइल एकाच वयाच्या, एकाच कंपनीच्या. वरचीच का गेली? ती ज्या ब्लॉकवर बोल्टने बसवली आहे तो भाग खालच्यापेक्षा सतरा अंश जास्त तापतोय. नवी कॉइल त्याच तव्यावर बसवली आहे, तीही जाईल. आणि कॉइल गेली तर परवडली. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबरच येतं, त्या तापमानाला ते पातळ होऊन पिस्टन चिकटला तर पाण्याच्या मधोमध वल्ही मारत बसावं लागेल. वल्ह्यांचा उल्लेख कामी आला. पाडव्याच्या आत परत द्यायच्या अटीवर इंजिन मिळालं.

२५ ते २८ फेब्रुवारी

खरं काम हे. थर्मोस्टॅटचं (पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेचं) झाकण आणि त्याला लागून हेड कव्हर. बोल्ट सहा मिलिमीटरचे, स्टीलचे, ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये, आणि इंजिनाचं आधीचं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच. तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम, आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये सिमेंटसारखी भरते.

घाई केली की बोल्ट तुटतो, म्हणून चार दिवस. रोज संध्याकाळी गंजाचं तेल सोडायचं आणि बोल्टच्या डोक्यावर पितळी दांड्याने हलके ठोके. तिसऱ्या दिवशी गॅसच्या छोट्या टॉर्चने बोल्टच्या भोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं, बोल्ट नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, भोक मोठं होतं, पकड सुटते. पाना लावल्यावर आधी किंचित आवळायचं, टक् असा आवाज आला की मग सोडवायचं, अर्धा आटा पुढे, पाव आटा मागे. एक सोडून सगळे निघाले. तो एक थर्मोस्टॅटच्या झाकणाचा, डोकं हातात आलं. मिलिंगवर ब्लॉक बांधून बरोबर मध्यावर ड्रिल मारलं आणि हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, घातली. शेड स्वतःचं असण्याचा फायदा. घरी हॅंडड्रिलने हे करायला गेलं तर ड्रिल कडक बोल्टवरून घसरून मऊ ॲल्युमिनियममध्ये शिरतं.

झाकण उघडल्यावर बघत राहिलो. वरच्या सिलिंडरभोवतीचा पाण्याचा मार्ग दोन तृतीयांश बुजलेला. मीठ, ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी, वाळू आणि शिंपल्याचे कण, सगळं मिळून कडक कवच. वरचाच सिलिंडर का, तर पाणी खालून येतं, वर पोचेपर्यंत सगळ्यात गरम झालेलं असतं, आणि वरच्या कोपऱ्यात हवा-वाफ अडकते. तिथेच मीठ आधी धरतं, धरलं की आणखी तापतं, तापलं की आणखी धरतं.

थर्मोस्टॅट पातेल्यात दोऱ्याने टांगून गॅसवर ठेवला, शेजारी थर्मामीटर. बेळगाव साडेसातशे मीटरांवर, इथे पाणी शंभरला नाही तर साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. थर्मामीटरने तेवढंच दाखवलं, म्हणजे तो खरा. थर्मोस्टॅट मात्र पाणी उकळलं तरी नखाएवढाच उघडला. नवा पन्नासला हलायला लागला आणि साठला पूर्ण उघडा.

कवच काढायला अनेकांनी फरशीचं ॲसिड सुचवलं. ते ॲल्युमिनियम खातं, जवळ आणू नये. बांबूच्या टोकदार काड्या, पितळी ब्रश, आणि किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून, थोडा वेळ ठेवायचं, धुवायचं, पुन्हा. तेही जास्त वेळ ठेवायचं नाही. बांबूच्या काड्या पोराने तासून दिल्या, दिवाळीच्या आकाशकंदिलातल्या उरलेल्या.

४ मार्च

खालचा गिअरकेस काढून पाण्याच्या पंपाचा इम्पेलर पाहिला. रबरी पाती एका बाजूला कायमची वाकलेली, टोकं झिजलेली. धार जोरात होती तरी हे. बदलला.

नवी गॅस्केट, बोल्टच्या आट्यांना वॉटरप्रूफ ग्रीस, मधून बाहेर अशा क्रमाने, दोन टप्प्यांत टॉर्क पान्याने. बझरची वायर जोडली. सेन्सर गरम पाण्यात बुडवून बझर वाजतो का तेही पाहिलं. वाजतो, आणि शेजारच्या शेडमधले लोक धावत येतील इतका वाजतो.

८ मार्च, रविवार

हिडकल. वारा होता, लोड चांगला मिळाला. पूर्ण रेस, लांब पल्ला, मग मुद्दाम बराच वेळ स्लो, मग पुन्हा एकदम रेस. वर ५८, खाली ५६. मिसिंग नाही. प्लग काढून पाहिले, दोन्ही एका रंगाचे, फक्त किंचित गडद.

त्या गडदपणाचं कारण उंची. मालवणात हे इंजिन समुद्राच्या पातळीवर चालायचं, तिथल्या हवेसाठी जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. हिडकलचं पाणी साडेसहाशे मीटरांच्या आसपास, इथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. तेवढ्याच पेट्रोलला हवा कमी, म्हणून मिश्रण थोडं जाड. एक नंबर लहान जेट टाकता येईल, आणि एका मित्राने तसा आग्रहही धरला. मी टाकणार नाही. जाड मिश्रणात थोडं पेट्रोल जास्त जातं. पातळ झालं तर टू-स्ट्रोकचं तेलही त्याच प्रमाणात कमी पोचतं आणि पिस्टन जातो. शिवाय मामा हे इंजिन कधी परत कोकणात विकतील सांगता येत नाही, तेव्हा जेट बदलल्याचं कोणाच्या लक्षात राहणार? स्लोचा स्क्रू पाव आटा फिरवला, बाकी जेट तसाच.

राहिलेलं काम: खालची कॉइल जुनीच आहे. ओव्हनच्या परीक्षेत पास झाली तरी वय तेच, म्हणून एक जादा कॉइल बोटीच्या डब्यात, दहाचा पाना आणि प्लगांच्या जोडीसकट. जुनी मेलेली कॉइल शेडमध्ये कागद बांधून ठेवली आहे, "८० अंशांना ओपन" असं लिहून, नाहीतर कोणीतरी मीटर लावून ती चांगली म्हणून परत बसवेल. पेट्रोल महिन्याच्या आत संपेल एवढंच भरायचं आणि तेल पन्नासास एक, हे मामांच्या टाकीवर रंगाने लिहून दिलं. जोडीदाराने त्याखाली कन्नडमध्येही लिहून घेतलं. पावसाळ्याआधी थर्मोस्टॅटचं झाकण एकदा उघडून बघायचंय, बोल्ट या वेळी हाताने सुटतील.